आठ तासांची दुपार

लहानपणी मला किब्ला, म्हणजे नमाजला तोंड करायची मक्केतल्या काब्याची दिशा, कुणी शिकवला नाही. दाभोळच्या खाडीकाठचं आमचं घर. पडवीत उभं राहिलं की जिकडे दर्या, तिकडे तोंड करून घरातले सगळे नमाजला उभे राहायचे. रात्री दिवे गेले तरी गाजेवरून दिशा कळायची. त्यामुळे कितीतरी वर्षं माझी समजूत होती की नमाज दर्याकडे तोंड करूनच पढायची असते, आणि मक्का म्हणजे पलीकडच्या अंजनवेलीसारखंच एखादं बंदर असणार, फक्त जरा लांब. पुढे बी.एड. करून भूगोल शिकवायला लागले तेव्हा नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं. समजूत फारशी चुकलेली नव्हती. काबा 21.4 उत्तर अक्षांशावर, आम्ही साडेसतरावर. पश्चिमेपासून थोडं उजवीकडे कललं की झालं.

वेळांचंही तेच. मशिदीच्या भिंतीला दायमी तक्ता टांगलेला असायचा, वर्षभराच्या पाचही वेळा त्यात छापलेल्या. पण आईला तो लागायचा नाही. माडाची सावली विहिरीच्या कठड्यावर चढली की असर, पाण्यावरची लाली पुसली गेली की इशा. आणि मुळात शरीअतमध्ये वेळा सांगितल्यात त्या अशाच, घड्याळाचा त्यात कुठे संबंध नाही. पूर्वेला आडवा उजेड फुटल्यापासून सूर्य वर येईपर्यंत फजर. सूर्य माथ्यावरून ढळला की जोहर. भर दुपारची जी मुळातली सावली असते ती सोडून, वस्तूची सावली वस्तूएवढी झाली की असर. सूर्य बुडाला की मगरिब, मावळतीची लाली गेली की इशा. असरच्या बाबतीत हनफी मंडळी सावली दुप्पट होईपर्यंत थांबतात; हनफी आणि शाफई हे धर्मनियमांचे दोन पंथ. आम्ही कोकणी मुसलमान मात्र शाफई, केरळ आणि भटकळच्या किनाऱ्यासारखे. आमच्याकडे इस्लाम घाट उतरून आला नाही, अरबांच्या गलबतांतून आला. मुंबईला आत्याकडे गेले की शेजारच्या मशिदीत असरची बांग उशिरा व्हायची आणि मला वाटायचं, मुंबईचा सूर्यच आळशी.

नंतर 28 वर्षं मी एका मराठी शाळेत भूगोल शिकवला. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, एका अंशाला चार मिनिटं. भारताची प्रमाणवेळ 82 अंश 30 मिनिटं पूर्व रेखावृत्तावरची. आपण 73 च्या जरा पुढे. तेव्हा आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे 37 मिनिटं मागे. म्हणून बाराला तो डोक्यावर नसतो, साडेबारा उलटून गेल्यावर येतो. मुंबईने तर 1955 पर्यंत स्वतःची, 39 मिनिटं मागची वेळ सोडली नव्हती, हे सांगितलं की मुलं खूश व्हायची. मोहल्ल्यातल्या मुलांना मी म्हणायची, दायमी तक्त्यात जवालची, म्हणजे सूर्य माथ्यावरून ढळायची, वेळ बघा, तिथे स्थानिक वेळ आयती छापलेली आहे. हे सगळं मी खडूने फळ्यावर शिकवलं. स्वतः मात्र एका रेखावृत्तावरून फारशी हलले नव्हते. दाभोळ, चिपळूण, रत्नागिरी, मुंबई: सगळी 73 च्याच आसपास.

हलायची वेळ निवृत्तीनंतर आली. थोरलीचं पहिलं बाळंतपण, तेही टोरांटोला. डिसेंबरात निघायचं आणि सहा महिने भरायच्या आत परतायचं.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी, आम्ही त्यांना अम्मीच म्हणतो, माझ्या पर्समध्ये एक पुरचुंडी कोंबली. अंगणातली चाळलेली माती. विमानात वजूला, म्हणजे नमाजआधी हातपाय-तोंड धुवायला, पाणी मिळालं नाही तर तयम्मुम, म्हणजे पाण्याऐवजी मातीने शुद्ध होणं, कशाने करशील, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. आमच्या शाफई फिकहप्रमाणे, म्हणजे धर्मनियमांप्रमाणे, तयम्मुमला धूळ असलेली मातीच लागते, आणि विमानात बाकी काय हवं ते मिळेल, माती मिळायची नाही. लेकीला फोनवर सांगितलं तर ती किंचाळलीच, "मम्मी, इथे बाहेरची माती आणायला बंदी आहे! बुटाला चिखल लागलेला असला तरी विचारतात!" पुरचुंडी खिडकीत राहिली. अम्मी दिवसभर घुश्शात होत्या. "मातीला बंदी घालणारा मुलूख," एवढंच बोलल्या.

मातीऐवजी मी चामडी मोजे घेतले. वजू करून एकदा घातले की मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्री त्यांच्यावरूनच ओला हात फिरवता येतो, पाय धुवावे लागत नाहीत. ज्या कुणी विमानातल्या त्या वीतभर बेसिनमध्ये साठीनंतर पाय वर करून धुवायचा प्रयत्न केला असेल, त्यांना या सवलतीची किंमत वेगळी सांगायला नको.

मुंबईहून विमान रात्री अडीचला सुटलं. पश्चिमेकडे जाताना रात्र आपल्याबरोबर पळते. दहा तास अंधारात होतो आणि तरी लंडनला पोचलो तेव्हा पहाटच. मी निघण्याआधी वहीच्या पानावर सगळं मांडून ठेवलं होतं: सातला उतरणार, सूर्योदय आठला चार-पाच मिनिटं असताना, म्हणजे फजरला हातात पाऊण तास. कागदावर एक गोष्ट नव्हती. लंडनवर विमानं रांग लावून घिरट्या घालतात. आम्ही घातल्या. सव्वासात झाले, साडेसात झाले. पट्टे बांधायचा दिवा लागलेला, उठायची सोय नाही. खाली शहर दिव्यांनी भरलेलं आणि अंधारात, पण पंख उचलला गेला की त्याच्या खालून आभाळाची कड तांबडी दिसायची. उंचावरून सूर्य आधी दिसतो. खाली रात्र आणि वर पहाट, आणि माझी वहीतली वेळ त्या खालच्या शहराची.

बसल्या जागी पढले. मान झुकवली की रुकू, म्हणजे कमरेतलं वाकणं, आणखी झुकवली की सजदा, म्हणजे कपाळ टेकणं. शेजारचा तरुण कानाला यंत्र लावून झोपला होता. तोंड कुठे होतं ते सांगता येणार नाही, कारण विमान गोल फिरत होतं. दोन रकातींत, म्हणजे नमाजच्या दोन आवर्तनांत, मी निदान अर्धं कंपासपेटीतलं वर्तुळ पुरं केलं असेल. अशा वेळचा शाफई नियम कडक आहे, आणि मला तो आवडतो. वक्त निघून जात असेल तर जमेल तशी पढा, वक्ताचा मान राखा. पण उभं राहता आलं नाही, किब्ला सापडला नाही, तर जमिनीवर आल्यावर ती पुन्हा पढा. चालवून घेतलं जातं आणि चालवून घेतलंय हे विसरूही दिलं जात नाही. मी परीक्षेत मुलांना असंच करायची: वेळ संपत आली असेल तर आकृती हाताने काढ, पण उद्या पट्टीने काढून आण.

विमानतळावर सगळ्या धर्मांसाठी मिळून एक प्रार्थनाकक्ष होता. भिंतीला बाण. लंडनहून किब्ला आग्नेयेला. मी मुसल्ला, नमाजचं आसन, अंथरला आणि उभी राहिले, पण पाय ऐकेनात. साठ वर्षं नमाजमध्ये ऊन पाठीवर येतं ते सकाळी, तोंडावर येतं ते संध्याकाळी. इथे सकाळचं कोवळं ऊन समोरच्या काचेतून थेट तोंडावर. दिशा बरोबर आहे हे मला, भूगोलाच्या बाईला, कुणी समजावायची गरज नव्हती. तरी सजद्यात जाताना आपण दर्याला पाठ दाखवतोय असं वाटत राहिलं.

लंडनला त्या दिवशी जवाल बाराला सहा मिनिटं कमी असताना. बारा वाजता मी जोहरच्या दोन आणि लगेच असरच्या दोन रकाती पढून घेतल्या. मुसाफिराला चारच्या दोन होतात, तो कसर. आणि जोहरला असर, मगरिबला इशा जोडता येते, ती जमा. फजरच्या दोन आणि मगरिबच्या तीन तशाच राहतात, त्यांना कात्री लागत नाही. हनफींमध्ये कसर आहे, पण अशी जमा नाही. ती फक्त हजमध्ये, अराफात आणि मुज्दलिफाला. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्याचा अर्थ पुढच्या विमानात शेजारी येऊन बसला.

मालेगावचे गृहस्थ, हनफी, माझ्याच वयाचे, पॉवरलूमचा धंदा मुलांवर सोपवून धाकट्या मुलाकडे निघालेले. आधी अदबशीर उर्दूत बोलले. मी मराठी शाळेत बाई होते हे कळल्यावर एकदम मराठीवर आले आणि मला मॅडम म्हणायला लागले. मी त्यांना हाजीसाहेब म्हणत होते. जोहर त्यांनीही लंडनला पढली होती. असर हवेतच गाठायची होती.

विमान दुपारी एकला उडालं. खिडकी डावीकडची, दक्षिणेची. सूर्य बाहेर ढगांच्या मैदानावर जरासा वर उभा. तासाने पाहिलं, तिथेच. जेवण आलं, भांडी गेली, तिथेच. हाजीसाहेब दर वीस मिनिटांनी माझ्यावरून वाकून बाहेर बघायचे आणि मनगटावरच्या घड्याळाकडे संशयाने बघायचे. घड्याळ अजून मालेगावचं होतं, त्यात रात्रीचे साडेआठ झालेले.

"मॅडम, असर लागली का हो?"

अठ्ठावीस वर्षांत मला कुठल्याही विद्यार्थ्याने इतक्या कळकळीने स्थानिक वेळ विचारली नव्हती.

समोरच्या पडद्यावर नकाशा होता. ग्रीनलंडचं दक्षिण टोक जवळ आलेलं. 58 उत्तर, 45 पश्चिम. ग्रिनिचला संध्याकाळचे पाच. पंचेचाळीसला पंधराने भाग, तीन. पाचातून तीन गेले. मी कागदी रुमालावर लिहून दाखवलं. उडाल्याला चार तास झाले होते आणि खाली दुपारचे दोन वाजत होते. चार तासांत एक तास.

खरी गंमत अशी की विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे 1670 किलोमीटरने फिरतो, पण वर जाल तसा वेग कमी होतो. 57-58 अंशांवर तो ताशी 900 च्या आसपास येतो. विमानाचाही तेवढाच, समोरचा वारा असला तर थोडा कमी. पृथ्वी आपल्याला पूर्वेकडे नेते आणि विमान तेवढ्याच ओढीने पश्चिमेकडे. सूर्य जागच्या जागी. हे गणित मी फळ्यावर कधीच घातलं नव्हतं, कारण पुस्तकात नव्हतं. आता वाटतं, घालायला हवं होतं.

"म्हणजे वेग आणखी वाढवला तर?" हाजीसाहेबांनी विचारलं.

तर सूर्य उलटा वर येईल. तसं घडलेलंही आहे. 1976 ते 2003 काँकॉर्ड विमानं चालायची, आवाजाच्या दुप्पट वेगाची; संध्याकाळी लंडनहून न्यूयॉर्कला निघणाऱ्यांना मावळलेला सूर्य पश्चिमेकडून पुन्हा उगवताना दिसायचा. मी हे उत्साहाने सांगून गेले आणि मग त्यांचा चेहरा पाहिला. सूर्य पश्चिमेकडून उगवणं ही कयामतची निशाणी. "तौबा, तौबा," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "तिकीट किती असायचं?"

असरचं गणित अजून राहिलं होतं. डिसेंबरात 58 अंशांवर भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून नऊ अंशही वर येत नाही. काठी रोवली तर तिची जवालची सावलीच काठीच्या साडेसहापट. शाफई असर तीत एक काठी मिळवून, हनफी असर दोन काठ्या मिळवून. दोन वाजता सावली दहापटीच्या घरात पोचलेली असणार. म्हणजे त्यांच्या हिशेबानेही वक्त लागला होता. आईने विहिरीच्या कठड्यावर जे एका नजरेत पाहिलं असतं, त्याला मला अर्धा रुमाल लागला.

आता किब्ला. पडद्यावरच्या नकाशात बाण नव्हता. काही विमानांत असतो. ग्रीनलंडच्या टोकावरून काबा जवळजवळ नेमका पूर्वेला. आम्ही जात होतो पश्चिमेला. म्हणजे तीनशे माणसं, सगळ्या खुर्च्या, सगळे पडदे एकीकडे तोंड करून, आणि किब्ला बरोबर सगळ्यांच्या पाठीमागे. खुर्चीत बसून पढायचं तर खुर्चीच्या पाठीलाच तोंड करायला हवं. हाजीसाहेब उठले आणि शेपटाकडच्या पँट्रीत गेले. मी बरोबर गेले, कारण त्यांना इंग्रजी जेमतेम आणि मला भीती वाटत होती. कशाची, ते इथे कबूल करते. दाढीवाला माणूस विमानात अचानक उभा राहून हात बांधतो, कमरेत वाकतो, तेव्हा आजूबाजूच्यांच्या डोळ्यांत काय येतं ते मला माहीत आहे. माझ्याही डोळ्यांत ते येतं, त्यांच्यासाठी.

क्रूमधल्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं, ट्रॉली भिंतीला लावली आणि म्हणाली, पाच मिनिटं, आणि विमान हलायला लागलं तर लगेच बसायचं. दोन रकातींना दोन मिनिटंही पुष्कळ. हाजीसाहेबांनी शेपटाकडे तोंड करून नीयत बांधली. मी पडद्याशी उभी राहिले. एक उंच बाई पाणी मागायला आली, तिने पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाणी न घेताच हलक्या पावलांनी परत गेली. घाबरून की आदराने, मला आजही सांगता येणार नाही. थोड्या वेळाने ती पुन्हा आली आणि पाणी पिऊन गेली.

"तुम्हाला बरं," जागेवर परतल्यावर हाजीसाहेब म्हणाले. "तुमची जमा होऊन गेली, तुम्ही मोकळ्या." बोलण्यात टोमणा नव्हता. पण मला ते लागलं, वेगळ्याच कारणाने. मी खरंच मोकळी होते. त्यांच्यामुळे खिडकीबाहेर बघितलं नसतं तर ती आठ तासांची दुपार मी पडद्यावरच्या सिनेमात घालवली असती. बाराला पढून हिशेब मिटवला, आता टोरांटोपर्यंत सूर्याशी देणंघेणं नाही, अशा थाटात मी बसले होते. आणि हा माणूस मात्र दर वीस मिनिटांनी विचारत होता, आपण आता कुठे आहोत?

त्यावरून बाबा आठवले. माझे वडील मालवाहू जहाजावर सारंग, खलाशांचे मुकादम, होते. किनाऱ्यावरच्या आमच्या कितीतरी घरांतले पुरुष तेव्हा जहाजांवर असायचे. बाबा सांगायचे, जहाजावर किब्ल्याची अडचण कधी आली नाही. वर जाऊन कोर्स काय आहे विचारायचं आणि त्यावरून आपण किती वळायचं ते ठरवायचं. वेळेचीही नाही. जहाज रोज थोडंथोडं सरकतं, रात्री घड्याळ अर्धा तास नाहीतर एक तास मागे किंवा पुढे करतात, आणि सूर्य सकाळी येऊन ते बरोबर आहे की नाही सांगतो. त्यांनी आयुष्यभर जगाला वळसे घातले, पण फजरनंतर जोहर आणि जोहरनंतर असर असंच त्यांचं चाललं. माझ्यासारखं, एका दुपारीत अडकायला त्यांना कधी झालं नाही. दर्याकडे तोंड करून पढायची सवय मात्र त्यांना घरी आल्यावर नव्याने लावून घ्यावी लागत असेल, हे मला तेव्हा कुठे सुचलं.

विमानाच्याही वर गेलेला माणूस काय करतो, हे मी आधीच वाचून ठेवलं होतं. 2007 च्या ऑक्टोबरात, ऐन रमजानमध्ये, मलेशियाचे शेख मुस्जफर शुकूर अंतराळस्थानकावर गेले. ते स्थानक दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं, दिवसाला 16 सूर्योदय. पाच गुणिले सोळा, ऐंशी नमाजा. मलेशियाच्या उलेमांनी बसून ठरवलं की चोवीस तासांत पाचच, आणि वेळा जिथून उड्डाण झालं त्या बैकोनूरच्या. किब्ला जमेल तसा: आधी काबा, नाही तर काब्याच्या वरची जागा, नाही तर पृथ्वी, तेही नाही तर जिकडे तोंड असेल तिकडे. विमानातल्या माणसाला निघाल्या गावाची वेळ धरायची अशी मुभा उलेमा देत नाहीत. खिडकीबाहेर जो सूर्य आहे तोच त्याचा. मला वाटतं ते बरोबर आहे. 16 सूर्योदय हा कुणाचाच दिवस नव्हे; पण ग्रीनलंडवरचे दुपारचे दोन ही खाली खरोखर कुणाची तरी दुपार असते.

टोरांटोवर उतरायला लागलो तेव्हा चार वाजत होते. आम्ही उंचावर होतो तोपर्यंत सूर्य बराच वर वाटत होता. विमान खाली आलं तसा भराभर घरांच्या ओळींवर टेकला. अकरा किलोमीटर उंचीवरून क्षितिज तीन अंशांहून जास्त खाली दिसतं, त्यामुळे वरच्याचा दिवस खालच्यापेक्षा लांब असतो. दुबईत बुर्ज खलिफाच्या ऐंशीव्या मजल्यावरच्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा आणि दीडशेव्याच्या वरच्यांनी तीन, असं तिथल्या मुफ्तींनी 2011 मध्ये सांगितलं होतं, ते याच कारणाने. हाजीसाहेबांना मी तेही सांगितलं. सामानाच्या पट्ट्याशी ते मुलाला म्हणाले, "या मॅडमनी मला असर शिकवली," आणि मला उगाच भरून आलं.

टोरांटोच्या सहा महिन्यांबद्दल इथे लिहीत नाही. त्यात नातू आहे, बर्फ आहे आणि जावयाशी एक वाद आहे. वाद किब्ल्याचा. घरातला मुसल्ला ईशान्येकडे तिरपा अंथरलेला पाहून मी म्हटलं, काबा तर दक्षिणेला आहे, आपण 43 अंशांवर आणि तो 21 वर. त्यावर लेकीने काही न बोलता नातवासाठी आणलेला पृथ्वीचा गोल माझ्या पुढ्यात ठेवला आणि शिवणाचा दोरा दिला. टोरांटोवर एक टोक, मक्केवर दुसरं, दोरा ताणला. तो अटलांटिकवरून उत्तरेकडे फुगून गेला. सर्वांत जवळची वाट हीच, सपाट नकाशा फसवतो, हे मी वर्गात नेमकं असंच, दोरा ताणून, दरवर्षी दाखवत आले होते. तिलासुद्धा. ती पहिल्या बाकावर बसायची.

परतीचं विमान जूनमधलं, रात्री सव्वादहाचं. सूर्य नऊला दोन मिनिटं असताना बुडाला. मगरिब आणि इशा मी विमानतळावरच जोडून पढले, कारण या वेळी वहीत नीट पाहून ठेवलं होतं की पुढे इशाचा वक्त नीटसा लागणारच नाही. उन्हाळ्यात 48.5 अंशांच्या वर सूर्य क्षितिजाखाली 18 अंश जातच नाही. संधिप्रकाश विझत नाही. लंडनला मेच्या अखेरपासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत खरी रात्रच नसते, आणि तिथल्या मशिदींत इशा कधी धरायची यावर वेगवेगळे हिशेब चालतात.

ठरवून डावीकडची, उत्तरेची खिडकी मागून घेतली होती. दिवे मालवले गेले, सगळे झोपले. बाहेर वायव्येला लाली होती. मी ती जायची वाट बघत बसले. ती गेली नाही, सरकायला लागली. क्षितिजाला लागून, पेटत्या उदबत्तीच्या टोकासारखी, वायव्येकडून उत्तरेकडे. बरोबर उत्तरेला आली तेव्हा सर्वांत फिकी झाली, नारिंगीची राखाडी, पण विझली नाही. आणि तशीच पुढे ईशान्येला जाऊन पुन्हा तापायला लागली. कालचा शफक, ती मावळतीची लाली, कुठे संपला आणि उद्याची फजर कुठे सुरू झाली हे दाखवायला तिथे रेघ नव्हती. मी काच सोडून हलले नाही. उडाल्यापासून साडेतीन तासांत सूर्य आला. त्याआधी अर्धा तास, लाली चांगली पसरून वर चढली तेव्हा, मी मागे पँट्रीत जाऊन फजर पढले होते. क्रूमधला मुलगा बाजूला झाला, मुसल्ला अंथरायला त्याने एक टोक धरलं. मला वळावं लागलं नाही. विमान पूर्वेला चाललं होतं, किब्ला पूर्वेला होता. अख्खं विमान झोपेत त्याच दिशेला तोंड करून बसलं होतं.

लंडनहून मुंबईच्या प्रवासातला दिवस नेमका उलटा, पळपुटा. जेवणाच्या वेळी दुपार, चहाच्या वेळी अंधार. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

घरी पोचले तेव्हा पाऊस लागला होता. दर्या दिसत नव्हता, ऐकू येत होता. खिडकीत ती पुरचुंडी तशीच होती, ओल लागून कापड काळं पडलेलं. पहिल्याच रात्री अडीचला टक्क जाग आली. टोरांटोत तेव्हा संध्याकाळचे पाच. अंगाला वाटत होतं चहाची वेळ झाली. फजरला अजून दोन तास. काय करणार, उठून वजू केला आणि तहज्जुद पढले. रात्री उठून पढायची ही नफल, म्हणजे ऐच्छिक, नमाज. तरुणपणापासून निश्चय करत आले होते, आठवड्यात एकदाही जमली नव्हती. दुसऱ्या रात्रीही अडीच. तिसऱ्याही. सलग नऊ रात्री मी गजराशिवाय उठले आणि अंधारात पडवीत उभी राहिले, आणि पायांना कुणी काही सांगावं लागलं नाही.

अम्मींना झोप कमीच. दहाव्या दिवशी शेजारणीशी बोलताना मी ऐकलं, "कॅनडाला जाऊन आल्यापासून सून तहज्जुदगुजार झालीये. मी उगाच त्या मुलखाला नावं ठेवली." मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. खरं सांगावं का, याचा विचार करत होते. त्या रात्री मी सकाळी साडेसहापर्यंत गाढ झोपले. फजरच्या वक्ताला अम्मींनीच हलवून उठवायचा प्रयत्न केला होता म्हणे. मी उठले नाही. पाऊस थांबून खिडकीत ऊन आलं होतं, आणि वेळ टळून फजर कजा झाली होती.